किल्लारीची भिंत

गणपती विसर्जनाची रात्र सरली आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३.५६ ला किल्लारी कोसळली. पुढे तिथे गेलो, तेव्हा जुन्या गावठाणात एका अर्धवट भिंतीपाशी थांबलो. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये माती. दोन्हींना सांधणारा आरपार दगड एकही नाही. हादरा बसताच थर फाकले, वरचे माळवद झोपलेल्या माणसांवर आले.

नुसत्या गिलाव्याने चीर झाकते, भिंत बांधली जात नाही. छताखाली घराभोवती आतून-बाहेरून तारेच्या जाळीचा पट्टा ठोकावा, दोन्ही पट्टे आरपार तारेने आवळावेत, वर एकास तीन सिमेंट-वाळूचा गिलावा द्यावा. ताण जाळी पेलते.

मंडळी, माझे गावाकडचे घरही तसेच आहे. यंदा रंगाआधी गवंडी बोलावला आहे.