हॉल इफेक्टचा जुना संच

लोखंडी गाभ्यावरच्या दोन जाडजूड गुंडाळ्या, मधल्या फटीत जर्मेनियमचा नखाएवढा तुकडा, बाजूला गॉसमीटर आणि मिलिव्होल्टमीटर. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला हा संच ज्यांनी हाताळला, त्यांना त्या फटीत प्रोब सरळ धरताना होणारी कसरत आठवत असेल.

*

चुंबकीय क्षेत्रात धरलेल्या पट्टीतून धारा वाहू लागली की धारेला आडवं व्होल्टेज उभं राहतं, तो हॉल इफेक्ट. एडविन हॉलने १८७९ साली बाल्टिमोरला हा परिणाम सोन्याच्या वर्खावर पाहिला. इलेक्ट्रॉनचा शोध लागला १८९७ मध्ये. म्हणजे तारेतून नेमकं काय वाहतं हे कळायच्या अठरा वर्षं आधी! मला याचं अजूनही नवल वाटतं.

*

जर्मेनियमच का? हिशोब करून पाहावा. धारा ५ मिलीअँपिअर, क्षेत्र ३००० गॉस, जाडी अर्धा मिलिमीटर. तांब्याच्या पट्टीत आडवं व्होल्टेज मिळेल एका नॅनोव्होल्टच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढं. घनमीटरमागे १०²¹ वाहक असलेल्या जर्मेनियममध्ये तेच सुमारे १९ मिलिव्होल्ट. वाहक जितके कमी, तितकं व्होल्टेज जास्त.

*

चुंबक बंद असतानाही मीटर शून्यावर येत नाही. तुकड्याच्या दोन कडांना डाखलेल्या तारा अगदी समोरासमोर नसतात, म्हणून मूळ धारेचंच थोडं व्होल्टेज आडवं मोजलं जातं. क्षेत्राची दिशा उलटवायची, दोन्ही रीडिंगमधला फरक घ्यायचा आणि तो निम्मा करायचा. अचूक मोजमाप म्हणजे काय, हे मुलांना या एका पायरीत जितकं उमगतं तितकं अख्ख्या प्रकरणाच्या वाचनाने उमगत नाही. सगळं आपोआप शून्य करणारा बंद डबा ही पायरीच गिळून टाकतो.

*

काही संचांना छोटा ओव्हन असतो. त्यात पी-टाइप जर्मेनियम तापवलं की व्होल्टेज घटत जातं, शून्याला टेकतं आणि मग उलट चिन्हाने वाढू लागतं. शून्य दिसलं की मुलांना वाटतं, तार सुटली. तार जागेवरच असते. उष्णतेने इलेक्ट्रॉन आणि होल जोडीने तयार होतात आणि जर्मेनियममध्ये इलेक्ट्रॉनची गतिशीलता होलच्या साधारण दुप्पट असते. त्यामुळे संख्येने कमी असूनही ते वरचढ ठरतात. पदवीच्या लॅबमध्ये याहून देखणा प्रयोग मला माहीत नाही.

*

डेडस्टॉक रजिस्टरमध्ये असा संच असेल, तर राइट-ऑफ करण्याआधी एकदा जोडून पाहा. बिघडतो तो बहुधा तुकडा किंवा त्याची डाखलेली तार. तेवढंच बदला, गुंडाळ्या आणि गाभा भंगारात देऊ नका.