बोर्ड बदलला, बिऱ्हाड तेच

माझ्या संगणकावरचं डेबियन लिनक्स नोव्हेंबर २०१३ मध्ये बसवलेलं आहे. तेव्हा सातवी आवृत्ती चालू होती, ‘व्हीझी’ नावाची. त्यानंतर जेसी, स्ट्रेच, बस्टर, बुल्सआय आणि बुकवर्म आल्या. ‘टॉय स्टोरी’तल्या पात्रांवरून ठेवलेली ही नावं मला आता घरच्या माणसांच्या नावांसारखी पाठ आहेत. दर वेळी जुन्यावरच नवी आवृत्ती चढवली. सगळं पुसून पहिल्यापासून बसवणं दहा वर्षांत एकदाही केलं नाही.

२०२३ च्या दिवाळीनंतर मशीन अधूनमधून आपोआप बंद पडायला लागलं. पुण्यात तपकीर गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्याने खोकं उघडून बॅटरी मारली आणि बोट ठेवलं. “कपॅसिटर फुगलेत काका. या प्रोसेसरचा बोर्ड आता नवा मिळायचा नाही, जुना लावून देईन पण हमी नाही.” तिसऱ्या पिढीचा आय-थ्री आणि चार जीबी रॅम, तेवढ्यावर दहा वर्षं मुद्रितशोधन केलं. त्याची काही तक्रार नव्हती. नवं घ्यायचं ठरलं. रायझन ५, सोळा जीबी रॅम आणि बोर्डावरच आडवी बसणारी एक टीबीची एनव्हीएमई डिस्क.

भाचा म्हणाला, “मामा, नवीन इन्स्टॉल करून टाकू ना. तुमच्या फायली कॉपी करायच्या, अर्ध्या तासात मोकळे.”

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पण माझं काम फायलींत जेवढं आहे तेवढंच त्यांच्या आजूबाजूला आहे. शुद्धलेखन तपासताना मी स्वतः भर घालत नेलेली शब्दयादी आहे. ‘ऱ्या’ आणि ‘ॲ’ एका फटक्यात उमटावेत म्हणून कीबोर्डच्या मांडणीत केलेले बदल आहेत. आणि सर्वांत मोलाची म्हणजे युनिकोडपूर्व काळातल्या फाँटांत जुळवलेली पुस्तकं युनिकोडमध्ये आणणारी माझी स्क्रिप्ट. ती पायथन २ मध्ये लिहिलेली आहे. बुकवर्ममध्ये पायथन २ काढून टाकलं आहे, पण आधीपासून बसलेलं असेल आणि आपण हात लावला नाही तर ते तसंच राहतं. नवं डेबियन बसवलं असतं तर ही स्क्रिप्ट पहिल्याच दिवशी बंद. ती नव्याने लिहायला हवी हे मला मान्य आहे, पण हातात तीन पुस्तकं असताना नाही.

शिवाय जुनंच डेबियन नव्या मशीनवर हलवायला कुणाची परवानगी लागत नव्हती. इयान मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केलेला हा प्रकल्प स्वयंसेवक चालवतात. बोर्डाशी बांधलेला परवाना नाही, की नव्या मशीनवर मागितली जाणारी किल्ली नाही.

लिनक्सला जुन्या मशीनची फारशी आठवण नसते. बहुतेक ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतात आणि दर वेळी चालू होताना समोर काय आहे ते तपासून घेतलं जातं. अडचण येते ती आपण किंवा एखाद्या जुन्या आवृत्तीने कुठेतरी जुन्या मशीनचं नाव लिहून ठेवलेलं असतं तिथे. म्हणून दोन संध्याकाळी वही घेऊन बसलो आणि सेटिंगच्या फायली एकेक करून वाचल्या. २०१४ मध्ये एका जुन्या ग्राफिक्स कार्डासाठी लिहिलेली फाईल सापडली, ती बाजूला काढली. दुसरी गोष्ट जास्त धोक्याची होती. संगणक चालू होताना कर्नलच्या सोबतीला एक छोटी फाईल मेमरीत चढते, तिला इनिटरॅमएफएस म्हणतात. मूळ डिस्कपर्यंत पोहोचायला लागणारे ड्रायव्हर तिच्यात असतात. डेबियन एरवी तिच्यात बहुतेक सगळे ड्रायव्हर भरतं. मी मात्र जागा वाचवायला ‘फक्त याच मशीनपुरते’ असं सांगून ठेवलं होतं. तसंच उचललं असतं तर एनव्हीएमई डिस्क दिसलीच नसती. ते पूर्ववत केलं आणि फाईल नव्याने तयार करून घेतली.

मग बुल्सआयवरून बुकवर्मवर आलो, जुन्याच मशीनवर. नव्या हार्डवेअरला नवा कर्नल लागतो, म्हणून आधी सॉफ्टवेअर पुढे आणायचं, ते आठवडाभर वापरायचं आणि मगच हार्डवेअर बदलायचं. दोन्ही एकाच दिवशी केलं तर चूक कुठली ते कळायला मार्ग उरत नाही. एएमडी ग्राफिक्सची फर्मवेअरही तेव्हाच उतरवून ठेवली, कारण नव्या मशीनवर नेट लागेलच याची खात्री नव्हती. बाहेरच्या डिस्कवर पूर्ण बॅकअप घेतला आणि त्यातल्या चार-पाच फायली उघडून पाहिल्या.

हलवायचा दिवस म्हणजे १४ जानेवारी २०२४, रविवार, भोगी. स्वयंपाकघरात तिळाची भाकरी आणि मिसळीची भाजी चालली होती. मी जेवणाच्या टेबलावर नवा बोर्ड मांडला, जुनी डिस्क त्याला साटा केबलने जोडली आणि पेनड्राइव्हवरचं डेबियन चालू केलं. नव्या डिस्कवर तीन भाग पाडले. सुरुवातीला यूईएफआयसाठी, म्हणजे मशीन सुरू करण्याच्या नव्या पद्धतीसाठी, ५१२ एमबीचा, मग मुख्य, शेवटी स्वॅप. जुनी डिस्क एमबीआर पद्धतीची, नवी जीपीटी, म्हणून डिस्कची जशीच्या तशी प्रत न काढता आरसिंकने फायली नेल्या. मालकी, परवानग्या, तारखा सगळं जपून. सुमारे दीड तास लागला. भाकरी गरम होती तोवर जेवून घेतलं.

पेनड्राइव्ह काढून मशीन चालू केलं तर समोर बोर्डाचीच सेटिंगची निळी पाटी. डिस्क दिसत होती, पण तिच्यावरून काही सुरू होईना. पोटात गोळा आला. चूक माझी होती. जुन्या पद्धतीत डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये काय लिहिलंय ते बोर्ड वाचतो. यूईएफआयमध्ये ‘अमुक डिस्कवरची तमुक फाईल चालव’ ही नोंद बोर्डावरच्या चिपमध्ये असते. मी डिस्कवरचं सगळं आणलं होतं, पण ती नोंद डिस्कवर कधी नसतेच. पुन्हा पेनड्राइव्ह लावला, नव्या डिस्कवरच्या डेबियनमध्ये आतून शिरलो, ग्रब म्हणजे डेबियन सुरू करून देणारा प्रोग्राम, तो जुना काढून त्याच्या जागी यूईएफआयचा ग्रब बसवला. नोंद नसली तरी बोर्ड ज्या ठरलेल्या जागी शोधतो, तिथेही त्याची एक प्रत ठेवली. आता हीच डिस्क उद्या तिसऱ्या बोर्डात घातली तरी सुरू व्हावी.

या वेळी डेबियनची पाटी आली आणि तिथेच अडकली. आधी अर्धं मिनिट, मग आणखी दीड मिनिट, पडद्यावर सेकंद मोजले जात होते. भाचा म्हणाला, “हँग झालं मामा.” मी म्हटलं, थांब, मोजतंय म्हणजे कशाची तरी वाट बघतंय. ते जुन्या स्वॅपची वाट बघत होतं. प्रत्येक भागाला यूयूआयडी नावाचा लांबलचक ओळखक्रमांक असतो आणि नवे भाग पाडले की क्रमांकही नवे. एफएसटॅब या फाईलमध्ये मुख्य भागाचा आणि यूईएफआयच्या भागाचा क्रमांक मी घातला होता, स्वॅपची ओळ राहिली होती. झोपवलेलं मशीन उठवण्यासाठीही तोच जुना क्रमांक दुसऱ्या एका फाईलमध्ये होता. दोन्ही ओळी दुरुस्त केल्यावर काही सेकंदांत लॉगिनचा पडदा आला.

नेट मात्र नव्हतं. इथे २०१३ सालचं डेबियन भेटलं. व्हीझीने तेव्हा जुन्या नेटवर्क कार्डाचा पत्ता एका फाईलमध्ये लिहून त्याला ‘ईटीएच झिरो’ हे नाव दिलं होतं, आणि प्रिंटरसाठी मी दिलेला कायमचा आयपी त्याच नावाला बांधलेला होता. नव्या बोर्डावरचं कार्ड नव्या पद्धतीचं नाव घेऊन आलं आणि त्याला कुणी ओळखेना. ती जुनी फाईल काढली, नाव बदललं, प्रिंटरही लागला. वही घेऊन बसलो होतो तेव्हा हीच फाईल मी ओलांडून पुढे गेलो होतो.

संध्याकाळी सातला रूपांतराची स्क्रिप्ट चालवली. एका कथासंग्रहाचं हस्तलिखित, आधी जुन्या मशीनवर रूपांतरित केलेलं. दोन्ही निकाल शेजारी ठेवून तपासले, एकाही अक्षराचा फरक नाही. ‘दऱ्याखोऱ्या’ टाइप करून पाहिलं, जसं हवं तसं उमटलं. भाच्याने मान हलवली आणि स्वतःच्या लॅपटॉपचा एफएसटॅब उघडून वाचायला बसला.

जुनी डिस्क काढून, तारीख लिहून कपाटात ठेवली आणि तीन महिने तिला हात लावला नाही. तुम्ही असं बिऱ्हाड हलवाल तेव्हा जुनी डिस्क त्याच दिवशी पुसू नका, कुणी कितीही घाई केली तरी.