आमच्या गाडीचे स्पार्क प्लग

या वेळी ना सणाचा पदार्थ, ना कोकणातली आठवण. या वेळी मोटारीचे स्पार्क प्लग. हसू नका.

आम्ही दोघं सांता क्लाराला राहतो. गॅरेजमध्ये १९७२ ची डॅटसन २४० झेड आहे. सहा सिलिंडर, २३९३ सी.सी., दोन कार्ब्युरेटर. १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना कॅलिफोर्नियात धुराची तपासणी माफ, तेवढी एक कटकट नाही. आधीच्या मालकाने इंजिनाचं कॉम्प्रेशन वाढवून घेतलेलं. त्यामुळे पळते जोरात आणि तापतेही जोरात.

नातवाला लायसन्स मिळालं आणि गाडी त्यालाच द्यायची असं ठरलं. ह्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, हातही थरथरतो. पण प्लग मीच आणणार म्हणून हटून बसले. नातू म्हणत होता, आजोबा, इरिडियमचे घ्या. इरिडियम टिकतो जास्त, हे खरं. पण त्याने गाडीची ताकद वाढत नाही, आणि अशा जुन्या इंजिनाला तांब्याच्या गाभ्याचा साधा प्लग पुरतो.

खरा प्रश्न वेगळाच. मुलांनो, प्लग ‘गरम’ असतो आणि ‘थंड’ असतो. ठिणगी तीच; फरक असतो तो प्लगच्या टोकाची उष्णता किती लवकर बाहेर जाते याचा. टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर तापलं तर स्वतःवरची काजळी जाळून टाकतं. ८५० च्या आसपास गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं. आमच्या गाडीला मुळात एनजीकेचा बीपी६ईएस चालतो. कॉम्प्रेशन वाढवलेलं, म्हणून एक पायरी थंड घ्यावा, हा ह्यांचा विचार बरोबर होता.

पण ह्यांच्या आधीच्या जर्मन गाडीत बॉशचे प्लग असत. बॉशमध्ये आकडा लहान तो थंड. एनजीकेमध्ये नेमकं उलटं, आकडा मोठा तो थंड. हे सहाच्या खाली उतरले आणि पाच नंबर घेऊन आले. आम्ही कोणी खोकं वाचलं नाही. बसवताना मी हजर होते, चष्माही नाकावर होता, म्हणजे दोष माझाही.

रविवारी सतरा नंबरच्या रस्त्याने सांताक्रूझला निघालो. लॉस गॅटोसच्या पुढे चढ लागला आणि इंजिनातून टकटक ऐकू येऊ लागली, डब्यात खडे हलवावेत तशी. नातू म्हणाला, जुनी आहे, करते आवाज. हे म्हणाले, थांबव. नातवाने गाडी कडेला घेतली. बराच वेळ कोणी बोललं नाही.

हळूहळू घरी आणली. इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय प्लग काढायचे नाहीत, कारण हेड अॅल्युमिनियमचं, आटे गेले की मोठा खर्च. गार झाल्यावर काढले आणि भिंगाखाली धरले. आमच्या नोकरीत रोग्याची जीभ बघत असू, तसंच हे. फिकट तपकिरी म्हणजे प्रकृती ठीक. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा प्लग फार थंड. तेलकट ओला म्हणजे आत तेल शिरतंय. (आपण शनवार तेली खरे, पण हे तेल आपल्या कामाचं नाही.) आमचे सहाही पांढरे फटक होते. अॅल्युमिनियमचे चमकते ठिपके दिसले तर पिस्टन वितळू लागला समजायचं. मी एकेक प्लग दोनदा फिरवून बघितला. ठिपके नव्हते. तेव्हा ह्यांनी नातवाला सांगितलं, “आकडा मीच उलटा वाचला रे.” आजवर त्याच्यासमोर असं ते कधी बोलले नव्हते.

सात नंबरचे आणले. फट ०.८ मि.मी., फीलर गेजने मी मोजली. हात माझा अजून स्थिर आहे. आधी नुसत्या बोटांनी घट्ट करायचे, मग पान्याने अर्धा फेरा, बस. नातवाने बसवले आणि हे शेजारी खुर्ची टाकून फेरे मोजत बसले.

पुढच्या रविवारी तोच चढ चढलो. आवाज नाही. बॉनेटच्या आत नातवाने पट्टी चिकटवली आहे, मराठीत, आजोबांकडून अक्षरं विचारून: “एनजीके ७. मोठा आकडा थंड.” ‘थंड’ चा ‘ठंड’ झालाय, तो आम्ही तसाच ठेवला.