बॅटरी धर रे!

गिअरचा दांडा न्यूट्रलमध्ये असताना किती हलायला हवा, हे आमच्या पिढीतल्या फार थोड्यांना ठाऊक होतं; कारण कोरी गाडी आमच्या नशिबी फार उशिरा आली. त्याआधी आमच्या वाट्याला आल्या त्या कुण्या काकांनी, कुण्या साहेबांनी वापरून सोडलेल्या गाड्या. फिएट, तिचीच पुढे झालेली प्रीमियर पद्मिनी, आणि १९८३च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली मारुती ८००. या सगळ्यांचा दांडा पडायला आलेल्या दातासारखा चहूबाजूंनी हलायचा. आम्हाला वाटायचं, गिअर हा असाच असतो.

आता दांडा हलत नाही. पुष्कळ गाड्यांत तो नावापुरताच उरलाय. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओत क्लच नसलेला, आपणहून पडणारा गिअर आला, तेव्हा 'यात काय मजा' म्हणणारे आम्हीच होतो आणि गुडघेदुखीचं कारण सांगून तसली गाडी बुक करणारेही आम्हीच. तेव्हा पुढचं सगळं वाचताना, लिहिणारा रोज ऑटोमॅटिक चालवतो, एवढं लक्षात असू द्यावं.

पद्मिनीचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला असे. म्हणून पुढच्या सलग बाकावर तिघं बसत, आणि मधल्याला गुडघे आवरून बसायला कुणी सांगत नसे. त्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत सळ्या आणि लिव्हर यांची साखळी जायची, आणि प्रत्येक सांध्यात एक बारकंसं बुश. ही बुशं झिजली की स्टिअरिंगच्या बुडाशी असलेल्या दोन लिव्हर एका रेषेत येईनाशा होत आणि गिअर अडके. पुढेही नाही, मागेही नाही. मग भर चौकात वडील शांतपणे उतरत, बॉनेट उघडत, हात घालून लिव्हर जागेवर ढकलत, रुमालाला हात पुसत आणि परत येऊन बसत. मागचे हॉर्न वाजवत, पण शिव्या बेताच्याच देत. कारण त्यांच्यातल्या निम्म्यांकडे फिएटच होती.

आज गाडी चौकात बंद पडली तर आम्ही बॉनेट उघडत नाही. उघडलं तरी आत काळ्या प्लास्टिकचं झाकण दिसतं आणि त्यावर कंपनीचं नाव. आम्ही काचा वर करतो, मदतीचा नंबर लावतो आणि 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हे ऐकत बसतो. मदत येते, हे कबूल करायला हवं. टेम्पो येतो, गाडी उचलून नेतो, हात काळे होत नाहीत.

मारुतीत दांडा जमिनीवर आला आणि दुखणंही जमिनीखाली गेलं. या गाडीचं इंजिन पुढे आडवं. तिथून दांड्यापर्यंत दोन सळ्या येतात. एक दांड्याबरोबर हलते आणि गिअर टाकते. दुसरी नुसती धरून ठेवणारी. दांड्याची बैठक ती गिअरबॉक्सशी बांधते आणि तिचं मागचं टोक गाडीच्या बुडाला एका रबरी माउंटिंगवर टांगलेलं असतं. इंजिन झोका घेतं तेव्हा बैठकही त्याच्याबरोबर झोका घेते, म्हणून पडलेला गिअर पडलेलाच राहतो. सगळा मामला त्या रबराच्या जिवावर. शेजारून सायलेन्सरचा पाइप जातो, त्याची धग, खालून चिखल, वरून गळणारं ऑइल. काही वर्षांत रबर फुगतं, भेगाळतं आणि एक दिवस त्याचा लगदा होतो. मग क्लच सोडताना दांडा गचका देतो, दुसरा टाकायला जावं तर हात भलतीकडेच जातो, आणि चढावर पाय उचलला की गिअर आपला आपण सुटतो.

द्रुतगती मार्ग व्हायच्या आधीच्या खंडाळ्याच्या घाटात हे व्हायचं. शेजारी बसलेल्याला 'गिअर धरून ठेव' असं सांगितलं जाई, आणि तो बिचारा दोन्ही हातांनी दांडा धरून वळणांमागून वळणं काढी. आम्ही या गोष्टी हसत सांगतो. एका बाजूला दरी होती आणि गाडीत पट्टा कुणी लावत नव्हतं, हे सांगायचं मात्र राहून जातं.

दुरुस्तीचा वार रविवार. गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर, फळ्या टाकलेला खड्डा आणि दारात एका कुठल्या तरी गाडीचा कायमचा सांगाडा. मिस्त्री दांडा हातात घेऊन नुसता हलवायचे, डोळे मिटून. 'माउंटिंग गेलंय.' तपासणी संपली. मग सायलेन्सर गार होईपर्यंत चहा. गंजलेल्या नटावर डिझेल सोडून आणखी एक चहा. पोऱ्या खड्ड्यात उतरून पाना मागायचा, 'बारा-तेराचा', आणि तो शोधण्यात दहा मिनिटं जायची. तो पोऱ्या दहा-अकरा वर्षांचा असे. तो शाळेत का नाही, हे खड्ड्याच्या काठावर उभ्या असलेल्या आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नाही. आमची शाळा सोमवारी होती.

आमच्याकडे एकच काम असे : बॅटरी धरायची. 'बॅटरी धर रे!' एवढंच मिस्त्री म्हणत, आणि आम्ही पोटावर पडून खड्ड्यात उजेड पाडत असू. उजेड हलला की ओरडा बसे. पण कुठली सळी कशाला जोडलेली आहे, कोणता नट उलटा फिरतो, रबर कुठे फाटलंय, हे सगळं त्या पिवळ्या वर्तुळात दिसे. वडील मागे हात बांधून उभे. त्यांना यातलं फारसं कळत नसे, पण तिथून हलणं त्यांना अप्रशस्त वाटे. गाडी आपली, तर उभं आपणच राहायचं.

आता सर्व्हिस सेंटरमध्ये उभं राहता येत नाही. काचेपलीकडे गाडी लिफ्टवर चढते, अलीकडे आपण सोफ्यावर. कॉफी फुकट, वायफाय फुकट. गळ्यात ओळखपत्र घातलेला मुलगा टॅब्लेट घेऊन येतो आणि फार अदबीने सांगतो, 'सर, रबर वेगळं येत नाही, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल.' आपण सही करतो. जुना भाग पुड्यात बांधून डिकीत ठेवलेला असतो. तो उघडून पाहणारा आमच्यापैकी एकही भेटलेला नाही.

मात्र तेव्हाची दुरुस्ती चांगली होती असं म्हणायला जीभ रेटत नाही. नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या बाजारात मिळणारं रबर 'ओरिजिनल' असायचं म्हणजे डबी ओरिजिनल असायची. तेही नसलं तर मिस्त्री सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून सांध्याला गुंडाळत, वर दोन वायसर, आणि नट असा आवळत की दांडा हलायचा थांबे. पण तेवढ्याने इंजिनाची सगळी थरथर बुडातून थेट पायांत येई. लेथवर नायलॉनची बुशं कातून घेतली तर ती टिकत, पण गाडी डब्यात खडे भरल्यासारखी वाजे. दिवाळीला केलेलं काम होळीला परत. मिस्त्री परतून आलेल्या कामाचे पैसे घेत नसत, चहाचे घेत. याला आम्ही जिव्हाळा म्हणत आलो. नीट सुटा भाग वेळेवर मिळाला असता तर त्या जिव्हाळ्याची गरज पडली नसती.

परवाना राज होतं, गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे, सुटे भाग दुर्मीळ होते, म्हणून आम्ही दुरुस्त करत होतो. काटकसरीचं तत्त्वज्ञान नंतर चिकटवलं. आता भरपूर मिळतं, म्हणून बदलतो. गंमत अशी की तेव्हा दुरुस्तीचा हक्क कुणी मागितला नव्हता. २०२२च्या डिसेंबरात मात्र केंद्र सरकारला त्यासाठी 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल काढावं लागलं. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती ग्राहकाला द्यावी, असा त्याचा हेतू. आमच्या वेळी ती माहिती खड्ड्यात पडलेली असे आणि बॅटरी धरणाऱ्याला फुकट मिळे.

पद्मिनी २०००च्या आसपास बनायची थांबली, मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली, मारुती ८००चं उत्पादन २०१४ साली संपलं. त्या टॅक्सीच्या निरोपाला फोटो काढणाऱ्यांची झुंबड उडाली. त्यातल्या किती जणांनी शेवटच्या पाच वर्षांत तिला हात केला होता? आम्हीही अ‍ॅपवरून एसी गाडीच बोलावत होतो.

तरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखादी ८०० अजून उभी असते. पंधरा वर्षं उलटून गेली की तिच्या नोंदणीचं नूतनीकरण लागतं. २०२२च्या एप्रिलपासून त्याचं शुल्क सहाशेवरून पाच हजार झालं. तुमच्याकडे असेल आणि दांडा हलत असेल, तर गाडी विकायला काढण्याआधी खालचं रबर बघा. ते अजून मिळतं, आता तर घरपोच मिळतं, आणि चौघांच्या हॉटेलच्या बिलापेक्षा स्वस्त पडतं. ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळू नका. सायलेन्सर गार होऊ द्या, चाकांना लाकडाचे ठोकळे लावा, आणि घरात कुणी दहावी-बारावीचं मूल मोबाइल घेऊन बसलं असेल तर त्याला खाली बोलवा. मोबाइलला बॅटरी असतेच.