पुलाच्या पायथ्याशी

नागपूरहून पश्चिमेस निघालेल्या गाडीने वर्धा स्टेशन मागे टाकले की पुलगाव येते. गावाच्या नावातच पूल आहे. १८६७ साली नागपुरास पोहोचलेला लोहमार्ग येथेच वर्धा नदी ओलांडतो. अलीकडे वर्धा जिल्हा, पलीकडे वऱ्हाड. मुलताईच्या बाजूस सातपुड्यात उगम पावलेली ही नदी उन्हाळ्यात वाळूतून निमूट वाहते. श्रावणात मात्र ती ओळखू येत नाही. गढूळ लोंढ्याबरोबर उन्मळलेली झाडे येतात. येथे गलबते येत नाहीत हे खरे. परंतु पुराच्या वेगाने आदळणारा अवजड बुंधा हा पुलाच्या खांबास लहानसे जहाजच होय. बुंधे अडकून राहिले म्हणजे पाण्याची वाट अरुंद होते आणि प्रवाह खांबाच्या बुडाशी खोल खणू लागतो.

खऱ्या जहाजाने काय अनर्थ होतो, हे अमेरिकेतील बाल्टिमोर येथे दिसले. २६ मार्च २०२४ च्या उत्तररात्री सुमारे ३०० मीटर लांबीच्या ‘दाली’ जहाजावरील वीज गेली व ते १९७७ सालच्या पुलाच्या खांबावर आदळले. पूल क्षणार्धात कोसळला. जहाजावरील बहुतेक खलाशी भारतीय होते. जहाजावरून इशारा मिळताच पोलिसांनी दोन मिनिटांच्या आत वाहने थोपविली. तथापि पुलावर खड्डे बुजविणारे, पोटासाठी परमुलखातून आलेले सहा मजूर प्राणास मुकले. लोकांनी पुलाजवळ त्यांच्यासाठी क्रूस उभारून फुले वाहिली. १९८० साली याच पुलाने एका जहाजाची धडक सोसली होती. पुढे जहाजे अवाढव्य झाली. खांबांभोवतीचे संरक्षण त्या मानाने तोकडेच राहिले.

आपल्याकडे महाडजवळ सावित्रीवरील इंग्रजी अमदानीतील दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महापुरात गेला. दोन एस. टी. गाड्या उतारूंसह नाहीशा झाल्या. तेथेही पुलानजीक टायर दुरुस्त करणाऱ्या एका साध्या माणसाने मागून येणारी वाहने अडविली. पुढे अवघ्या १६५ दिवसांत नवा पूल उभा राहून ५ जून २०१७ रोजी खुला झाला. शोकानंतरची ही तत्परता शोकापूर्वी दिसती तर!

‘सेतु’ हा शब्द ‘बांधणे’ या अर्थाच्या ‘सि’ धातूपासून आला आहे. पूल दोन तीर बांधतो. पण पुलाशी आपण कितपत बांधलेले आहोत? पूर ओसरल्यावर खांबांत अडकलेली झाडे काढली गेली काय, बुडाची माती राहिली काय, हे गावाने पाहावे व अधिकाऱ्यांस वेळीच कळवावे. आणि पुलावरून पाणी वाहत असता जो हात आडवा करून ‘थांबा’ म्हणतो, त्याच्यावर न रागावता घरी परतावे.