झोपेतले बूट

पाथरी, रात्र. लेक पेंगुळली की तिच्या पायांत दांडीने जोडलेले बूट चढवते. जन्मतः आत वळलेली पावलं, म्हणजे क्लबफूट. डॉ. इग्नासिओ पोनसेटींच्या पद्धतीने, दर आठवड्याला प्लास्टर बदलत, ती सरळ झाली. बूट सोडले तर पुन्हा वळतील. म्हणून आधी दिवसाचे 23 तास, आता झोपेत, चार-पाच वर्षांची होईपर्यंत. शेजारच्या मावशी ग्रहणाला दोष देतात. यात ग्रहणाचा दोष नाही, आईचाही नाही. चालणं तिला उशिरा येतंय. खाटेला धरून उभी राहते तेव्हा ऊर भरून येतो. आयांनो, बाळाचं पाऊल वळलेलं दिसलं तर आशाताईंना लगेच दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात यावर मोफत उपचार आहेत.