आईचा डबा

डिसेंबरात न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला साडेचारलाच दिवस मावळतो. जॉन्सन पार्कच्या कडेने घरी येताना रॅरिटन नदीचं पाणी आधी शिशासारखं दिसतं, आणि घरचं वळण येईपर्यंत दिसेनासंच होतं. मग दिसतात ते दिवे. आमच्या गल्लीत दिवाळीला लावलेल्या माळा कुणी उतरवत नाही. त्या तशाच नाताळापर्यंत, पुढे नव्या वर्षापर्यंत लुकलुकत राहतात. समोरच्या फिलिपिनो कुटुंबाच्या दारात चांदणीच्या आकाराचा कंदील असतो, त्याला ते ‘पारोल’ म्हणतात. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी थंडीत तशीच उभी राहिले होते. बांबूच्या काड्या, त्यावर ताणून चिकटवलेला रंगीत कागद, खाली झिरमिळ्या. माझ्या भावाने खळीने बोटं चिकट करून केलेला आकाशकंदील तो हाच, असं वाटलं. आता तो आणि आमचा कंदील महिनाभर समोरासमोर डुलत असतात.

या गावाचं नावच मुळी लांबून आलेलं आहे. १६६६ साली उत्तरेकडून, न्यू हॅम्पशरमधून काही कुटुंबं इथे वस्तीला आली. तेव्हा ही भूमी लेनापे लोकांची. येणाऱ्यांनी सोडून आलेल्या पिस्कॅटाक्वा नदीचं नाव बरोबर आणलं आणि या नव्या जागेला दिलं. मला ही गोष्ट कळली तेव्हा ती माणसं एकदम ओळखीची वाटली. मागे राहिलेल्या नदीचं नाव रोज तोंडी असावं, एवढं तरी त्यांना हवं असणार.

आई ख्रिसमसला शेवटपर्यंत ‘नाताळ’च म्हणायची. तिची सगळी नोकरी वसईच्या शाळेत झाली. ‘नाताळ’ हा पोर्तुगीजांनी आणलेला शब्द. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसईचा किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, शब्द मात्र मराठीत राहिला. दिवाळीत आमच्याकडून पापडी गावातल्या तिच्या मैत्रिणींकडे फराळाचं ताट जायचं आणि डिसेंबरात तेच ताट क्रोशाच्या रुमालाखाली केक आणि करंज्या घेऊन परत यायचं. ताट धुऊन रिकामं पाठवलंय असं कधी झालं नाही. ‘रिकामं भांडं परत देऊ नये गं,’ एवढंच आई म्हणायची. घरात काहीच नसेल तर मूठभर साखर घालायची.

२०१० च्या डिसेंबरात आई माझ्या बाळंतपणासाठी इथे आली. मला नववा लागला होता. बरोबर तिने तिचा स्टीलचा उभा डबा आणला होता, डिंकाच्या लाडवांनी गच्च भरलेला. झाकणावर तिचं माहेरचं नाव, खाली ‘मामांकडून’ आणि १९६९. भांड्यांच्या दुकानात मशीन लावून नाव घालतात ना, तशी ती बारीक ठिपक्यांची अक्षरं. घासून घासून डबा आरशासारखा झाला होता, अक्षरं काही गेली नव्हती.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, रविवारी बर्फ सुरू झाला. वारा असा की बर्फ वरून पडतोय की बाजूने येतोय ते कळेना. नेवार्कची विमानं बंद झाली. नवरा कामासाठी दुसऱ्या गावी गेला होता, तो तिकडेच अडकला. घरात आई, मी आणि तीन वर्षांची मुलगी. सोमवारी सकाळी दार ढकललं तर उघडेना. पायऱ्या नाहीत, गाडी नाही, रस्ता नाही. नुसते पांढरे चढउतार. मला रात्रीपासून पाठीत कळा येत होत्या आणि त्या खऱ्या की खोट्या ते ठरत नव्हतं. आई काही बोलली नाही, पण तिने देवापुढे दिवा लावलेला मी पाहिला.

मग घरघर ऐकू आली. शेजारचे इटालियन गृहस्थ, तेव्हाच साठी ओलांडलेले, स्नो ब्लोअर घेऊन आमच्या दारापर्यंत वाट काढत होते. त्यांनी आधी आमचं अंगण मोकळं केलं, स्वतःचं नंतर. समोरचा फिलिपिनो मुलगा फावडं घेऊन आला आणि त्याने पायऱ्या खणून काढल्या. शेजारच्या काकू, ज्यांना त्यांच्या नातवंडांचं ऐकून आमची मुलंही ‘नोना’ म्हणत, बुटांत बर्फ घेऊनच आत आल्या आणि म्हणाल्या, ‘आमची गाडी रस्त्याच्या तोंडाशी लावून ठेवली आहे. रात्री कधीही दार वाजव. नदी ओलांडली की न्यू ब्रन्सविकचं इस्पितळ.’ मी थँक्यू म्हटलं. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना रडू आलं.

आईला इंग्रजीत एवढं बोलता येत नव्हतं, आणि मराठीतही ती ‘आभारी आहे’ म्हणाली नसती. आमच्याकडे आभार म्हणजे सभेच्या शेवटी, माइकवरून. घरच्या माणसाला ते म्हटलं तर त्याला परकं केल्यासारखं वाटतं. तिने डब्यातले निम्मे लाडू काढून ठेवले आणि उरलेल्यांसकट डबा नोनाच्या हातात दिला. ‘अगं आई, बाळंतिणीचे लाडू!’ मी म्हटलं. ‘बर्फ उपसून दमलेत ते. त्यांना नको ताकद?’

कळा खोट्या निघाल्या. मुलगा जानेवारीत झाला. पण त्याआधी, ३१ तारखेला, डबा परत आला. आत पापडासारख्या पातळ, नक्षी उमटलेल्या गोल चकत्या. पित्सेल्ले. आईने झाकण उघडून वास घेतला आणि तिचा चेहरा उजळला. ‘बडीशेप!’ बडीशेप नव्हती, तिच्याच गुणाची ॲनिस होती. पण आईचं बरोबर होतं.

मुलगा झाल्यावर पंधरा दिवस आमच्याकडे चूल पेटलीच नाही म्हटलं तरी चालेल. ‘मराठी विश्व’ या इथल्या मंडळाच्या गणपतीत नुसत्या तोंडओळखीच्या झालेल्या बायका ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांतून आळीव, सुंठ, मेथी घेऊन आल्या. त्यांचे डबे भरून परत करता करता आईची दमछाक झाली, आणि ती दमछाक तिला मनापासून आवडली. परत जाताना ती स्वतःचा डबा मात्र इथेच ठेवून गेली. तो तेव्हा नोनाकडे होता.

तो दर डिसेंबरात येत-जात राहिला. इकडून कधी बेसनाचे लाडू, कधी चिरोटे, तिकडून पित्सेल्ले. आई गेली त्या वर्षी मी काहीच केलं नव्हतं, तरी नोनाने घरून डबा नेला आणि भरून आणला.

यंदा एप्रिलमध्ये नोना गेल्या. दिवाळीत मी चिरोट्यांचा डबा शेजारी दिला खरा, पण तो परत येईल असं मनात धरलं नव्हतं. काल संध्याकाळी बेल वाजली. नोनाचे यजमान, आमचे ‘नोनो’, दारात उभे, टोपी हातात, काखेत डबा. पित्सेल्ले त्यांनी स्वतः केले होते, आयुष्यात पहिल्यांदा. काही जाड, काही कडेला करपलेले. टेबलाशी बसल्यावर त्यांनी एक दिव्यापाशी धरला आणि मधल्या नक्षीत बोट ठेवलं. दोन अक्षरं. त्यांचा साचा लोखंडी, लांब दांड्यांचा, अब्रुझ्झोहून आलेला. तिकडे लग्नात असा साचा देत आणि त्यावर अक्षरं कोरून घेत. ही त्यांच्या आईची. इतकी वर्षं आम्ही ती अक्षरं नक्षी समजून खात होतो.

मग त्यांनी झाकण माझ्याकडे सरकवलं. ‘आणि ही? मला वाटायचं वेलबुट्टी आहे.’

मी आईचं नाव वाचून दाखवलं. त्यांनी ते म्हणून पाहिलं, अडखळले, पुन्हा म्हटलं. मुलगा अभ्यास सोडून खाली आला होता. त्याने झाकण हातात घेतलं आणि ठिपक्यांवरून बोट फिरवत त्यांना एकेक अक्षर सांगू लागला.